लेबल प्रिंटरचा आवाज: कुठून येतो, कसा मोजायचा आणि कसा कमी करायचा

रात्री अडीच वाजता वॉर्डातल्या टेबलावर रक्ताच्या नमुन्याचं लेबल छापलं जातं. लेबल बोटाएवढं, छपाई जेमतेम सेकंदभराची. पण तेवढ्यात ‘घर्रर्र... खट्’ होतं, शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून कूस बदलतो, आणि पुढचं लेबल काढताना सिस्टर प्रिंटर तळहाताने दाबून धरतात. असा दाबून धरणारा हात मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे.

लेबल प्रिंटर बसवणं आणि ते चालते ठेवणं हे माझं रोजचं काम. छपाई पुसट आली की तासाभरात फोन येतो. आवाजासाठी मात्र कुणी फोन करत नाही. ‘मशीन म्हटलं की आवाज आलाच’ असं धरून माणसं वर्षानुवर्षं त्याच्या शेजारी बसतात. मला हे पटत नाही. थर्मल प्रिंटरचा बराचसा आवाज छपाईचा नसतोच. तो कागदाच्या ओढाताणीचा, डुगडुगणाऱ्या रोलचा आणि खालच्या टेबलाचा असतो, आणि त्यातला मोठा वाटा एकही सुटा भाग न बदलता घालवता येतो. फक्त आधी कोण बोलतंय ते ओळखावं लागतं.

## हेड मुकं असतं

थर्मल हेड म्हणजे एका ओळीत बसवलेले तापणारे बारीक ठिपके. २०३ डीपीआयच्या (म्हणजे इंचाला २०३ ठिपक्यांच्या) हेडमध्ये एका मिलिमीटरला ८ ठिपके असतात, ३०० डीपीआयमध्ये सुमारे १२. ठिपका तापला की त्याखालचा उष्णतेला संवेदनशील कागद काळा पडतो; रिबनचा प्रिंटर असेल तर रिबनवरची शाई वितळून लेबलवर उतरते. डॉट मॅट्रिक्समध्ये सुया रिबनवर आपटतात, म्हणून तो किरकिरतो. इथे आपटणारं काहीच नाही.

आवाज करतात ते बाकीचे: कागद पुढे ढकलणारी मोटर, तिचे गिअर किंवा पट्टा, कागद हेडला दाबून पुढे सरकवणारा रबरी प्लेटन रोलर, फिरणारा रोल, रिबनचे दोन स्पिंडल, असलाच तर कटर, आणि काही मोठ्या प्रिंटरांमध्ये पंखा.

मोटरचं थोडं समजून घ्या, कारण पुढे सेटिंग बदलताना त्याचा उपयोग होतो. ही स्टेपर मोटर असते. ती सलग न फिरता छोट्या छोट्या टप्प्यांनी फिरते. समजा २०३ डीपीआयचा प्रिंटर सेकंदाला १०० मिलिमीटर छापतो आहे. म्हणजे सेकंदाला ८०० ओळी. एका ओळीला मोटरचा एक टप्पा धरला तर सेकंदाला ८०० झटके, आणि कानाला ८०० हर्ट्झच्या आसपासचा सूर. स्पीड निम्मा केला की सूर सप्तकभर खाली येतो. गिअरच्या गुणोत्तरानुसार आणि मोटर कशी चालवली आहे त्यानुसार नेमका आकडा बदलतो, पण स्पीड बदलला की प्रिंटर वेगळ्या पट्टीत का गातो, त्याचं कारण हे.

## पायरी १: कान लावा

मोजमापाआधी ऐकणं. खोलीतला पंखा, एसी, रेडिओ बंद करा. नेहमीचंच लेबल सलग १० वेळा छापा आणि आवाजाला मराठीत नाव द्या. हे ऐकायला साधं वाटेल, पण आपल्या भाषेत आवाजाला इतके शब्द आहेत की योग्य शब्द सापडला की निम्मं निदान झालेलं असतं. मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘घरघरतोय, खडखडतोय की करकरतोय?’

घूं किंवा गुणगुण, एकाच सुरात: मोटर. हा तिचा स्वभाव. मात्र त्याबरोबर टेबलही घुमत असेल तर दोष टेबलाचा.

खडखड, डुगडुग, छपाई सुरू होताना आणि थांबताना जास्त: रोल. ३ इंची पोकळीचा रोल १ इंची दांड्यावर अडॅप्टरशिवाय चढवला असेल तर तो हिसक्यासरशी उड्या मारतो.

चर्रर्र किंवा टर्रर्र, काळा भाग छापतानाच: लेबल किंवा रिबन तापलेल्या हेडला चिकटून सुटते आहे. उष्णता जास्त, किंवा हेड मळलेलं.

करकर, कुईं: कोरडं किंवा झिजलेलं बुश (रोलरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी), किंवा कागदाच्या कडेला घट्ट आवळलेले गाईड.

टक... टक... टक, ठरावीक अंतराने: फिरणाऱ्या कशावर तरी काहीतरी चिकटलं आहे, किंवा गिअरचा दात गेला आहे.

फडफड, चुरचुर: रिबन सैल आहे किंवा तिला सुरकुत्या पडताहेत.

खट्, लेबलगणिक: कटर.

टकटकीचं एक उदाहरण जवळून सांगतो. एका पॅकिंगच्या टेबलावर प्रिंटर टकटकत होता आणि सगळ्यांचं मत ‘गिअर गेला’ असं होतं. लांबलचक कोरी पट्टी सोडून प्रत्येक ‘टक’ला मी तिच्यावर पेन्सिलीने खूण केली. दोन खुणांमधलं अंतर जवळपास ५० मिलिमीटर, दर वेळी तेवढंच. प्लेटन रोलरचा व्यास १६ मिलिमीटर होता, त्याला ३.१४ ने गुणलं की परीघ साधारण ५०. म्हणजे रोलरच्या एका फेरीला एक टक. हेड उचलून रोलर बोटाने हळूहळू फिरवला, तर कडेला लेबलचा नखाएवढा तुकडा गोंदाने बसलेला होता, रबराच्याच रंगाचा झालेला. तो काढला, आवाज गेला. गिअरवर संशय घेण्याआधी हे मोजून पाहाच.

आता पाच छोट्या चाचण्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

१. फीडचं बटण दाबून कोरी लेबलं सोडा. कोऱ्या लेबलला आवाज नाही आणि छपाईला आहे, तर कारण उष्णतेत. दोन्हींना सारखाच असेल, तर यांत्रिक.

२. हात-दोन हात कागद आधीच उलगडून सैल सोडा, म्हणजे प्रिंटरला रोल ओढावा लागणार नाही. खडखड थांबली तर रोल आणि त्याचा दांडा बघा.

३. छपाई चालू असताना टेबलावर, मग शेजारच्या कपाटावर, मग भिंतीवर तळहात ठेवा. जिथे थरथर लागते ते आवाजाचं दुसरं उगमस्थान.

४. जाड टॉवेलच्या चार घड्या करून प्रिंटर त्यावर ठेवा आणि परत छापा. टॉवेल फक्त या चाचणीपुरता. खालची हवेची भोकं बुजतात, म्हणून तो तसाच ठेवू नका.

५. कटर असेल तर सेटिंगमधून बंद करून छापा.

माझ्या अनुभवात सर्वात मोठा धक्का चौथी चाचणी देते. पोकळ पत्र्याच्या कपाटावर ठेवलेला प्रिंटर म्हणजे ढोलावर ठेवलेलं यंत्र. यंत्र लहान असलं तरी वाजतो तो ढोल.

## पायरी २: मोजा, पण नेमकं

फोनवरचं आवाज मोजण्याचं अॅप यासाठी पुरतं, एका अटीवर: त्याचा आकडा खरा मानायचा नाही, दोन आकड्यांमधला फरक मानायचा. फोनचा माइक बोलणं टिपायला बनवलेला असतो आणि प्रमाण यंत्राशी जुळवून घेतलेला (कॅलिब्रेट केलेला) नसतो. पण तोच फोन, तीच जागा, तेच अॅप असेल तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना भरवशाची होते.

फोन प्रिंटरपासून १ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर धरा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाची ही जागा आयएसओ ७७७९ या मोजणीच्या मानकातही आहे. फोन स्टँडवर ठेवा, हातात नको. अॅपमध्ये ए-वेटिंग निवडा. माणसाचा कान ज्या पट्ट्यांना जास्त संवेदनशील असतो त्यांना त्यात जास्त वजन मिळतं.

आधी प्रिंटर गप्प असताना खोलीचा आवाज नोंदवा, मग छपाईचा. दोन्हींत १० डेसिबल किंवा जास्त फरक असेल तर खोलीचा विचार सोडून द्या. फरक ६ असेल तर छपाईच्या आकड्यातून सुमारे १.३ वजा करा. फरक ३ भरला तर ३ वजा करा, म्हणजे प्रिंटर आणि खोली सारख्याच आवाजाच्या आहेत. त्याहून कमी फरक असेल तर ती मोजणी टाकून द्या आणि शांत वेळी पुन्हा करा.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. ५५ डेसिबलचे दोन प्रिंटर एकदम चालले तर ११० होत नाहीत, ५८ होतात. १० डेसिबल उतरले तर कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. ३ उतरले तर फरक जाणवतो, पण नवल वाटण्याइतका नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात. खोलीत भिंतींवरून आवाज परततो म्हणून त्याहून कमी.

सरासरीच्या आकड्याने फसू नका. समजा प्रिंटर तासात एकूण ३६ सेकंद छापतो आणि त्या वेळी ५५ डेसिबल येतात. ३६ सेकंद म्हणजे तासाचा शंभरावा भाग, म्हणून प्रिंटरची तासाची सरासरी ३५ डेसिबलवर येते. कागदावर खोली शांत, पण झोपलेल्या माणसाला सरासरी ऐकू येत नाही, त्याला तो ‘खट्’ ऐकू येतो. म्हणून छपाई चालू असतानाची सरासरी आणि कमाल, असे दोन आकडे लिहा. वहीत तारीख, लेबलचा आकार, स्पीड, डार्कनेस (हेड किती तापवायचं ते सेटिंग) आणि हे दोन आकडे, एवढी ओळ पुरे.

कानाला धोका आहे का, हा प्रश्न येतो. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची कामाच्या जागेसाठीची शिफारस आठ तासांना ८५ डेसिबल-ए अशी आहे, आणि टेबलावरच्या लहान लेबल प्रिंटरांचे जाहीर आकडे सहसा पन्नाशीच्या आसपास असतात. तेव्हा बहिरेपणाची भीती नको. प्रश्न झोपेचा, लक्ष लागण्याचा आणि फोनवरचं बोलणं ऐकू येण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णालयातल्या वॉर्डासाठी रात्रीची पातळी ३० डेसिबल दिली आहे. त्या शांततेत पन्नाशीतला आवाज केवढा मोठा, ते यावरून लक्षात येईल.

## पायरी ३: उपाय, याच क्रमाने

जागा. प्रिंटर पत्र्याच्या कपाटावरून, ड्रॉवरच्या टेबलावरून, पोकळ प्लायच्या शेल्फवरून हलवा. जड, भरीव पृष्ठभागावर ठेवा. खाली दाट रबराचे चार तुकडे, प्रिंटरच्या पायांखाली एकेक. सलग गादी नको, कारण हवा अडते आणि प्रिंटर डुलतो. फार मऊ फोमही नको: प्रिंटरच्या वजनाने तो पूर्ण दबला की कंपनं सरळ खाली उतरतात. प्रिंटरचे मूळ रबरी पाय जागेवर आहेत का बघा, हलवाहलवीत एखादा हमखास पडलेला असतो. कोपरा टाळा. पाठीमागे भिंत, बाजूला भिंत आणि खाली टेबल असं असलं की तिन्हींवरून आवाज तुमच्याकडे फेकला जातो. पॉवर अडॅप्टर आणि केबल टेबलाच्या पत्र्याला टेकून किणकिणत नाहीत ना, तेही पाहून घ्या.

रोल. पोकळीच्या मापाचा दांडा किंवा अडॅप्टर वापरा. गाईड कागदाला नुसते टेकतील इतकेच जवळ आणा; कागद पुढेमागे ओढून पाहिला तर अडता कामा नये. आडवा दाबून अंड्यासारखा झालेला रोल कधीच गप्प फिरणार नाही, तो बाजूला काढा. खूप छपाई असेल आणि प्रिंटरला मागून कागद घेण्याची सोय असेल, तर घडीची लेबलं आणा. घडीला फिरायचंच नसतं, त्यामुळे रोलचा आवाज मुळातच जातो. हा उपाय लोक विसरतात, आणि मला तो फार आवडतो.

सफाई. प्रिंटर बंद करा, वायर काढा, हेड थंड होऊ द्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा बोळा घ्या. हेडवरची ठिपक्यांची ओळ एकाच दिशेने पुसा. नख, अंगठी, सुरी काहीही तिला लागू देऊ नका. मग प्लेटन रोलर हाताने फिरवत पूर्ण परीघ पुसा, कागदाचा मार्ग आणि फाडायची पट्टीही. गोंद जिथे साठतो तिथे लेबल चिकटून सुटतं आणि चरचरतं. अल्कोहोल पूर्ण उडाल्यावरच प्रिंटर चालू करा. रिबनचा प्रिंटर असेल तर दर रिबनबदलाला हेड पुसायची सवय लावून घ्या. करकरणाऱ्या रोलरवर तेलाचा थेंब सोडण्याचा मोह आवरा: तेल रबरावर पसरलं की कागद घसरतो, छपाई आक्रसते, आणि रोलर बदलावा लागतो. गिअरला ग्रीस लागतं का, कुठलं, हे फक्त त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघून ठरवा.

डार्कनेस. उष्णता एकेक पायरी खाली आणत बारकोड छापा आणि दर वेळी स्कॅनरने वाचून पाहा. स्कॅनर अडखळायला लागला की एक-दोन पायऱ्या वर या आणि थांबा. बरेच प्रिंटर गरजेपेक्षा जास्त गरम चालवले जातात, कारण कुणीतरी कधीतरी मळलेल्या हेडवर उपाय म्हणून डार्कनेस वाढवलेला असतो. म्हणून सफाई आधी, हे सेटिंग नंतर. चर्रर्र आवाज बहुधा इथेच संपतो, आणि हेडचं आयुष्यही वाढतं.

स्पीड. इथे ‘हळू म्हणजे शांत’ हे नेहमी खरं नसतं. स्टेपर मोटर आणि तिच्याभोवतीचा सांगाडा एखाद्या ठरावीक स्पीडला एकत्र घुमतात. त्याच्या खाली किंवा वर गेलं की शांत होतात. म्हणून ड्रायव्हरमध्ये जेवढे स्पीड आहेत तेवढे सगळे एकेक करून छापा आणि मोजा. १०० मिलिमीटरचं लेबल सेकंदाला १५० च्या स्पीडने पाऊण सेकंदाच्या आत निघतं, ५० च्या स्पीडने २ सेकंद लागतात. वॉर्डात किंवा स्वागतकक्षात मी हळू आणि मंद आवाज निवडतो. पॅकिंगला, जिथे सलग शेकडो लेबलं निघतात, तिथे लवकर संपणारा आवाज बरा. स्पीड कमी केला की तेवढ्याच काळेपणाला उष्णता कमी लागते, तेव्हा डार्कनेस परत एकदा तपासा.

हेडचा दाब आणि रिबन. ज्या प्रिंटरांना दाबाचे स्क्रू किंवा खटके असतात त्यांत दाब दोन्ही बाजूंना लेबलच्या रुंदीप्रमाणे बसवा. अरुंद लेबल एका कडेला आणि दाब दोन्हीकडे सारखा, असं असेल तर रिबन तिरकी ओढली जाते, सुरकुतते आणि चुरचुरते. दाब गरजेपुरताच ठेवा, जास्त दाबाने मोटर कण्हते. रिबन लेबलपेक्षा थोडी रुंद असावी.

कॅलिब्रेशन. प्रिंटर एका लेबलसाठी तीन-चार कोरी लेबलं ओकत असेल, तर त्याला दोन लेबलांमधली फट दिसत नाही. सेन्सर पुसा, कॅलिब्रेशन चालवा. कागद वाचतो आणि आवाजाचा कालावधीही.

कटर. टेबलावरच्या प्रिंटरमध्ये एका घावात सर्वात मोठा आवाज हाच. आधी विचारा, प्रत्येक लेबल कापायची गरज आहे का? बहुतेक ड्रायव्हरमध्ये ‘काम संपल्यावर कापा’ किंवा ‘ठरावीक लेबलांनंतर कापा’ अशी सोय असते. रात्रीच्या वापराला कटर बंद ठेवून हाताने फाडणं उत्तम. कागद वर हिसडू नका, पट्टीवर एका कडेने तिरका ओढा, आवाज आणि फाटाफाट दोन्ही कमी. कटर चालू ठेवायचाच असेल तर तो फटीत, नुसत्या मागच्या कागदावर पडतो का ते पाहा. लेबलवर पडला तर पात्याला गोंद लागतो आणि खट्‌ची खर्रखट् होते. पात्यापाशी बोट घालण्याआधी वायर काढलेली असलीच पाहिजे.

बीप. हा तर सेटिंगमधून घालवायचा आवाज. बंद किंवा कमी करा, पण कागद संपल्याचा दिवा समोरून दिसेल अशी जागा ठेवा.

पेटी. एवढं करूनही भागलं नाही तरच. प्रिंटरवर कापड किंवा उशी टाकू नका. हेड, मोटर आणि पॉवर सप्लाय तिघांनाही हवा लागते. पेटी जड लाकडाची, आतून आवाज शोषणारा आणि लवकर पेट न घेणारा फोम, चारही बाजूंनी मोकळी जागा, आणि हवेसाठी मागच्या बाजूला वळणाचा मार्ग. लेबल बाहेर येण्याची फट जितकी अरुंद तितकं बरं. आवाज पाण्यासारखा फटीतून गळतो, आणि एक मोठी उघडी फट बाकीच्या पेटीची मेहनत वाया घालवते. पहिल्या दिवशी सलग छपाई करून प्रिंटर किती तापतो ते हाताने बघा. गरम लागला तर पेटी काढा.

## हे जमलं नाही तर

सफाईनंतरही करकर राहिली, रोलर बोटाने फिरवताना एका जागी अडकला किंवा कडेला हलला, तर प्लेटन आणि बुश बदलायला आले आहेत. अनेक मॉडेलांत हे काम अवघ्या काही मिनिटांचं असतं. मोटर सुरुवातीला नुसती थरथरते आणि कागद हलत नाही, किंवा ‘टक’ रोलरच्या परिघाशी जुळत नाही, तर गिअर किंवा पट्टा. ते दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि देताना तुमची आवाजाची ओळ आणि फोनवरचं रेकॉर्डिंग सोबत द्या. त्याच्या दुकानात प्रिंटर रिकामा, भरीव टेबलावर, गोंगाटात चालतो. तिथे तुमचा आवाज त्याला ऐकू येईलच असं नाही.

नवीन घ्यायचा असेल तर माहितीपत्रकात आवाजाचा आकडा शोधा आणि तो नेमका कशाचा आहे ते विचारा. आयएसओ ९२९६ प्रमाणे जाहीर केलेल्या आकड्यांत ध्वनिशक्ती (यंत्र एकूण किती आवाज सोडतं) वेगळी आणि शेजारच्या माणसाच्या जागचा ध्वनिदाब (तिथे कानापर्यंत किती पोचतो) वेगळा असतो; एका कंपनीची शक्ती आणि दुसरीचा दाब यांची तुलना होत नाही. कुठल्या स्पीडला, कटरसकट की कटरशिवाय, हेही विचारा. आणि शक्य असेल तर तुमचाच रोल, तुमचंच लेबल घेऊन जा. प्रिंटर हातावर उचलून नाही, टेबलावर ठेवून, दुकानातला पंखा बंद करायला लावून दहा लेबलं छापून ऐका. मग एकदा डोळे मिटून, रात्री अडीचला तुम्ही खाटेवर आहात असं धरून ऐका.